पहिलाच फोटो नीट हवा

(भडगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एका दादांनी भीत भीत सुचवलं, "ताई, सरळ कर्करोगावरच बोला ना. टेक्निशियनवरचं भाषण ऐकायला कोण येईल?" तुम्ही आलात, त्यामुळे त्यांची काळजी मिटली असावी. कर्करोगावर बोलणारे डॉक्टर पुष्कळ आहेत आणि ते उत्तम बोलतात. मी आयुष्यभर एक्स-रे विभागात काम केलं, पुढे या कामासाठी मुलामुलींना शिकवलं. खानदेशात एक्स-रेला अजूनही 'फोटो' म्हणतात. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा फोटो. तो कसा काढतात, काढणाऱ्याला काय यावं लागतं, आणि ते आलं नाही तर बाईचं काय होतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. कजगाव, कोळगाव, आमडदे, गिरड, गुढे, कुठलंही गाव घ्या. बाईच्या हाताला गाठ लागली, तिने ती दोन-चार महिने कोणाला सांगितली नाही, मग मुलीला सांगितली. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी मिळाली, फोटो काढायला जळगावला किंवा धुळ्याला जायचं ठरलं. कापूस वेचणीचे दिवस असतील तर दोघींची मजुरी बुडते. एसटीने जाण्यायेण्यात दिवस मोडतो. फोटो निघतो. आणि चार दिवसांनी निरोप येतो : फोटो नीट आला नाही, पुन्हा या. ती पुन्हा जात नाही. मुंबई-पुण्यात 'रिपीट' म्हणजे शेजारच्या खोलीत परत जाणं. इथे रिपीट म्हणजे बहुतेक वेळा तपासणीच संपली. म्हणून माझं म्हणणं असं की शहरातल्या टेक्निशियनपेक्षा आपल्याकडच्या टेक्निशियनचं शिक्षण जास्त पक्कं हवं. प्रत्यक्षात उलट घडतं. मशीन येतं, त्याची पूजा होते, पुरवठादार कंपनीचा माणूस बटणं दाखवून जातो, आणि हाडांचे फोटो काढणाऱ्याला सांगितलं जातं, आता हेही तूच बघ.

फोटो वाचतो रेडिओलॉजिस्ट, हे खरं. पण जे फोटोत आलंच नाही ते जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट वाचू शकत नाही. 2002 साली अमेरिकेत टॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांना कर्करोग होता त्यांच्या मॅमोग्रामची ठेवण, म्हणजे पोझिशनिंग, त्यांनी तपासली. ठेवण बरोबर होती तिथे शंभरातले सुमारे 84 कर्करोग पकडले गेले होते. ठेवण चुकली तिथे सुमारे 66. मशीन तशीच, वाचणारे तसेच. फरक पडला तो बाईला उभं करणाऱ्याच्या हातामुळे.

ठेवण चुकते कारण शरीररचना कच्ची असते. स्तन म्हणजे जेवढा उठून दिसतो तेवढाच, अशी समजूत शिकायला येणाऱ्यांचीही असते, मुलींचीसुद्धा. खरं तर तो वर दुसऱ्या बरगडीपासून खाली सहाव्या बरगडीपर्यंत पसरलेला असतो, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून बाहेर काखेच्या मध्यरेषेपर्यंत. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून ग्रंथीचा एक भाग काखेत शिरतो, त्याला स्पेन्सची शेपटी म्हणतात. कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या गाठी याच वरच्या-बाहेरच्या भागात सापडतात. म्हणजे टेक्निशियन जिथे आळस करणार, तिथेच रोग जास्त.

हे पुस्तकात असतं आणि परीक्षेत लिहिलंही जातं. मी मुलींना पुस्तक मिटायला लावायची. गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली आणा. छातीच्या हाडावर एक आडवा उंचवटा लागेल. तिथून बाजूला सरका, ती दुसरी बरगडी. आता एकेक मोजत खाली या. ड्रेसवरूनच खडूने रेघ मारा, वरून, खालून, काखेत. रेघ पुरी झाली की सगळ्या जणी एकमेकींकडे बघायच्या. कॉलरबोनच्या इतक्या जवळ? काखेत इतकं आत? त्या दिवसानंतर त्यांचे हात बदलायचे, हे मी खात्रीने सांगते. मुलांसाठी हा धडा प्लास्टिकच्या पुतळ्यावर घ्यावा लागतो आणि तो तितका भिनत नाही. यात मुलांचा दोष नाही.

आतली रचना थोडक्यात. पंधरा ते वीस खंड, त्यांच्या नळ्या स्तनाग्राकडे येणाऱ्या, मध्ये चरबी. त्वचेपासून खोल पडद्यापर्यंत जाणारे बारीक तंतू स्तनाला धरून ठेवतात. लंडनचे शल्यचिकित्सक अॅस्टली कूपर यांनी 1840 च्या आपल्या ग्रंथात स्तनाची रचना बारकाईने मांडली, म्हणून त्या तंतूंना त्यांचं नाव आहे. ग्रंथीच्या मागे चरबीचा एक पातळ थर, त्याच्या मागे छातीचा मोठा स्नायू. तो मागचा थर फोटोत दिसला तर समजायचं, आपण पुरेसे मागे पोचलो. नाही दिसला तर ग्रंथीचा काही भाग बाहेर राहिला.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी मी परीक्षेत हमखास विचारायची. स्तनाच्या चार कडांपैकी दोन सरकतात, दोन सरकत नाहीत. खालची आणि बाहेरची कड हलती. वरची आणि आतली कड पक्की. हलती कड पक्क्या कडेकडे न्यायची. पोझिशनिंगचं जवळजवळ सगळं शास्त्र या वाक्यात आहे.

वरून खाली घ्यायचा फोटो, ज्याला आम्ही सीसी म्हणतो, त्याचंच बघा. दाबणारी पट्टी वरून येते आणि वरची कड पक्की आहे. टेक्निशियनने स्तनाखालची घडी आधी हाताने वर उचलली नाही, तर पट्टीला खूप खाली यावं लागतं आणि ती गळ्याखालची कातडी ओढत येते. बाई कळवळते. शिवाय मागचा भाग निसटतो तो वेगळाच. दोन्ही हातांनी घडी उचलायची, स्तन ज्यावर टेकतो ती प्लेट त्या उंचीला आणायची, स्तन पुढे ओढून घ्यायचा आणि पट्टी येईपर्यंत हात काढायचा नाही. मॅमोग्राफी फार दुखते असं ज्या बायका सांगतात, त्यांतल्या कितीतरी जणींना दाब दुखलेला नसतो. न उचललेली घडी दुखलेली असते.

दुसरा फोटो तिरका, एमएलओ. यात काखेपासून खालच्या घडीपर्यंत सगळं यायला हवं. प्लेटचा कोन स्नायूच्या तिरकेपणाशी जुळवायचा, साधारण 30 ते 60 अंशांच्या मध्ये. उंच, सडपातळ बाईला कोन जास्त उभा, बुटक्या आणि अंगाने भरलेल्या बाईला जास्त आडवा. 45 वर मशीन कायमचं अडकवून ठेवणारे पुष्कळ आहेत. बाईला हात सैल सोडायला सांगून स्नायूच्या कडेवर तळहात टेकवला की कोन आपोआप कळतो. प्लेटचा कोपरा काखेच्या मागच्या बाजूला बसवायचा. हात डोक्यावर ताणून धरायला लावला तर स्नायू कडक होतो आणि स्तन मागे खेचला जातो, म्हणून कोपर वाकवलेलं, खांदा सैल. मग स्तन बाहेर आणि वर उचलून धरायचा आणि शेवटी पोटाचा भाग खाली सारून घडी मोकळी करायची. स्तन लोंबता राहिला तर खालच्या भागात सगळं एकावर एक चढतं.

फोटो निघाल्यावर मोजायचीही एक रीत आहे. तिरक्या फोटोत स्तनाग्रापासून स्नायूपर्यंत काटकोनात रेघ काढा. सीसीमध्ये स्तनाग्रापासून मागच्या कडेपर्यंत रेघ काढा. दोहोंत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर सीसीमध्ये मागचं काहीतरी सुटलं. ही मोजणी बाई खोलीत असतानाच करायची. ती एसटीत बसल्यावर केलेल्या मोजणीचा तिला काही उपयोग नाही.

दाबाविषयी थोडं जास्त बोलते, कारण तिथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. "कसाले इतलं दाबी राहिनी वं माय?" हा प्रश्न आमच्या खोलीत रोजचा. त्याला "नियम आहे" हे उत्तर देणाऱ्या टेक्निशियनला मी नापास करायची. कजगावची केळी तुम्हाला माहीत आहेत. पूर्ण घडाचा समोरून फोटो काढला तर मागचं फळ सडकं आहे की नाही कळेल का? फण्या पसराव्या लागतील. दाबाने तेच होतं : एकावर एक आलेलं पसरतं, जाडी सगळीकडे सारखी होते, किरण कमी लागतात, आणि बाई किंचित हलली तरी फोटो धूसर होत नाही. अमेरिकेच्या नियमात मशीनचा सुरुवातीचा जोर 111 ते 200 न्यूटनच्या दरम्यान धरला आहे, म्हणजे साधारण 11 ते 20 किलो वजनाइतका. पण आकडा बघून दाबायचं नसतं. पायाच्या पॅडलने जवळ आणायचं, शेवटचा भाग हाताने, हळू, त्वचा ताठ होईपर्यंत. आणि बाईला आधीच सांगायचं : मावशी, तुम्ही 'बस' म्हणालात की मी थांबणार. एवढं सांगितलं की बहुतेक जणी जास्त दाब सहन करतात. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळल्यावर माणूस घाबरत नाही.

दाबाच्या या शोधापर्यंतची गोष्ट तशी जुनी आहे. बर्लिनचे शल्यचिकित्सक अल्बर्ट सालोमन यांनी 1913 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3000 स्तनांचे एक्स-रे घेऊन रोगाच्या खुणा नोंदवल्या. जिवंत माणसाचा चांगला फोटो मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी 1950 च्या आसपास दाबाचं आणि कॅल्शियमच्या बारीक कणांचं महत्त्व दाखवलं. 1960 मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी पक्की पद्धत बसवली. त्या पद्धतीबद्दल लोकांनी पहिली शंका काढली ती अशी : ईगनला जमतं, पण दुसऱ्याला शिकवता येतं का? त्यासाठी 24 संस्थांमध्ये खास अभ्यास झाला, तो 1965 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शिकवता येतं असं ठरलं. मशीनच्या जाहिरातीत हा भाग कधी येत नाही.

अमेरिकेने 1992 मध्ये यासाठी कायदाच केला. टेक्निशियनने मॅमोग्राफीचं किमान 40 तासांचं वेगळं शिक्षण घ्यायचं, देखरेखीखाली 25 तपासण्या करायच्या, नंतर दर दोन वर्षांत किमान 200 करत राहायच्या आणि दर तीन वर्षांनी 15 तासांचं पुढचं शिक्षण. ब्रिटनमध्ये 1988 पासून राष्ट्रीय तपासणी चालू आहे, तिथे हे काम स्त्रियाच करतात आणि फोटोंना उत्कृष्ट, चांगला, मध्यम, अपुरा अशा श्रेणी देण्याची पद्धत तिथूनच रूढ झाली. आपल्याकडे पदविकेत किंवा बी.एस्सी.त मॅमोग्राफी हा इतर अनेक तपासण्यांतला एक धडा असतो. मशीनची आणि किरणांच्या सुरक्षिततेची चौकशी अणुऊर्जा नियामक मंडळ करतं आणि ते चांगलं आहे. पण बाईची काख फोटोत आली की नाही हे मंडळाच्या कामात येत नाही. 2021 मध्ये संसदेने सहवैद्यकीय व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात रेडिओलॉजी टेक्निशियनही येतात. अशा तासांचा आणि तपासण्यांचा आग्रह धरायला आता जागा तयार झाली आहे. कोणी धरत असेल तर मला आनंद होईल.

आपल्या बायकांच्या काही गोष्टी परदेशी पुस्तकांत मिळणार नाहीत. बाई दवाखान्यात जायचं म्हणून अंघोळ करून, काखेत पावडर लावून येते. टाल्कमचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन बसतात आणि कॅल्शियमचा संशय येतो. ओला कपडा द्यायचा, पुसून घ्यायला सांगायचं, न रागावता. गळ्यातली पोत काढा म्हटलं की चेहरा उतरतो. सोबत आलेल्या मुलीच्या किंवा सासूच्या हातात द्यायला सांगितली तर ती देते. तरीही नको म्हणाली तर मणी पाठीमागे सरकवून चिकटपट्टीने धरता येतात. हट्ट करू नये. हातावरच्या गोंदणाची शाई काखेतल्या लसीका गाठींत जाऊन फोटोत ठिपके दिसल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, म्हणून गोंदण दिसलं की चिठ्ठीवर लिहायचं. आणि खांदा! वर्षानुवर्षं निंदणी, वेचणी, डोक्यावर ओझं. पन्नाशीच्या बाईचा हात वर जात नाही, पाठीला बाक असतो. पुस्तकातली ठेवण तिथे चालत नाही. बसवून फोटो घ्यायचा, कोन बदलायचा, लागला तर जादा फोटो घ्यायचा. ज्याला शरीररचना कळते त्यालाच यातून वाट काढता येते. पाठांतराने शिकलेला "पेशंटने सहकार्य केलं नाही" असं लिहून मोकळा होतो. रिपोर्टवरचं हे वाक्य मला फार चीड आणतं.

पुरुष टेक्निशियनचा प्रश्नही टाळून चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे विभागात बहुतेक एकच माणूस असतो आणि बहुधा पुरुष असतो. तो सज्जन असतो. म्हणूनच तो लाजतो, दुरून हात लावतो, घडी उचलत नाही. बाई अंग चोरते, खांदा आवळते. दोघांची लाज मिळून मागचे दोन सेंटीमीटर फोटोबाहेर जातात. मॅमोग्राफीसाठी स्त्री टेक्निशियनचं पद हवं, असं मी म्हणते ते फोटोच्या दर्जासाठी.

आता तुमच्यातले काही विचारतील, म्हणजे भडगावला मॅमोग्राफीचं मशीन आणायचं का? माझं उत्तर : आज नको. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आणि 98 हजारांवर मृत्यू झाले. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि तरुण वयात स्तनाची ग्रंथी घट्ट असते, फोटोत सगळंच पांढरं दिसतं. म्हणून सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शनात तीस वर्षांवरच्या बायकांची तपासणी हाताने करायला सांगितली आहे, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकेकडून. ही काटकसरीची पळवाट आहे असं समजू नका. या पद्धतीच्या बाजूने मुंबईचा पुरावा आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांना घेऊन एक चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत शिकवलेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. निकाल 2021 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणारे रोगी 37 टक्के, दुसऱ्या गटात 47 टक्के. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंतला फरक 15 टक्के होता, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पन्नाशीवरच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, आणि तो फरक पक्का होता. हे साधलं कोणी? डॉक्टर नसलेल्या, नीट शिकवलेल्या बायकांच्या बोटांनी. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर ती उभी आहे. ग्रामीण महाराष्ट्रात शिकवलेली माणसं काय करू शकतात हे बघायला परदेशी जायला नको.

तेव्हा भडगाव तालुक्याला आधी हव्यात बोटं तयार असलेल्या आरोग्यसेविका आणि आशाताई. गाठ लागली की फोटोसाठी, सोनोग्राफीसाठी, सुईच्या तपासणीसाठी ठरलेलं एक ठिकाण, आणि त्या ठिकाणी एक तयार झालेली टेक्निशियन. जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दोन्हीकडे मिळून खानदेशाच्या टेक्निशियन मुलींसाठी मॅमोग्राफीचा एक छोटा वर्ग चालवणं अवघड नाही. त्याला इमारत लागत नाही. एक रेडिओलॉजिस्ट, एक जाणती टेक्निशियन आणि आठवड्याच्या फोटोंवर श्रेणी लावायला शनिवारची दुपार पुरते.

"आता एआय आलं, त्याला काय लागतं?" असंही मला एका तरुण डॉक्टरने विचारलं. स्वीडनमध्ये 80,000 हून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे पहिले निकाल 2023 मध्ये आले. संगणकाच्या मदतीने फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांचं काम 44 टक्क्यांनी हलकं झालं आणि कर्करोग पकडण्यात कसर पडली नाही. मला याचा आनंदच आहे, रेडिओलॉजिस्ट आपल्याकडे कमीच आहेत. पण स्वीडनचे फोटो स्वीडनच्या प्रशिक्षित हातांनी काढलेले होते. काख कापलेल्या फोटोवर संगणक तितक्याच आत्मविश्वासाने 'नॉर्मल' लिहील.

शेवटी दोन विनंत्या. इथे काही दानशूर मंडळी बसली आहेत, कोणी शिबिरं भरवतात, कोणी मशीनसाठी देणगी देण्याच्या विचारात आहेत. चेक लिहिण्याआधी रुग्णालयाला एवढं विचारा : फोटो कोण काढणार, ती मॅमोग्राफी कोणाच्या हाताखाली किती तास शिकली, आणि तिचा पगार किती वर्षं चालणार? उत्तर मिळालं नाही, तर त्या पैशांत तालुक्यातल्या एका मुलीला शिकायला पाठवा. आणि बहिणींनो, गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा कातडी आक्रसली, तर शिबिराची वाट बघू नका, दुखत नाही म्हणून थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात जा. फोटोला पाठवलं तर पावडर न लावता जा, जुने फोटो असतील तर बरोबर न्या, आणि फोटो काढून झाला की निघण्यापूर्वी टेक्निशियनला विचारा, "ताई, काखेपर्यंत सगळं आलं ना?"